तेलाची पोच

थॉमस सिडनम हा सतराव्या शतकातला लंडनचा नामांकित डॉक्टर. त्याला स्वतःला गाउट होता. १६८३ साली त्यानं या दुखण्याचं जे वर्णन लिहून ठेवलं, त्यात आजच्या रुग्णालाही आपली रात्र ओळखू येते. माणूस धडधाकट झोपतो आणि रात्री दोनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यातल्या कळेनं जागा होतो. थोडी थंडी वाजते, अंग कसकसतं, कळ तासातासानं चढत जाते. शेवटी अंगावरच्या चादरीचा भारही त्या अंगठ्याला सोसवत नाही. खोलीतून कुणी पाय आपटत गेलं तरी जीव कासावीस होतो.

अशा वेळी डॉक्टर जवळ नसतो आणि घरात जे असेल त्याकडे हात जातो. बामची डबी, अमृतधारेची बाटली, नीलगिरीचं तेल. अलीकडे पेपरमिंट, लॅव्हेंडर, आलं अशा इसेन्शियल ऑइलच्या छोट्या गडद बाटल्याही घरोघरी दिसतात. तेल लावून बरं वाटलं, असं अनेक जण मनापासून सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. पण हा आराम कुठून येतो आणि तेल शरीरात कुठवर पोचतं, हे कळलं नाही तर त्याच आरामापायी गाउटच्या रुग्णाचे सांधे वर्षानुवर्षं झिजत राहतात. म्हणून या प्रकरणात तेलाच्या थेंबाचा माग त्वचेपासून सांध्यापर्यंत काढायचा आहे.

आधी सांध्यात काय चाललेलं असतं ते पाहू. आपल्या पेशी मोडताना आणि खाल्लेलं पचताना प्युरीन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांचा शेवट युरिक ॲसिडमध्ये होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे हे ॲसिड आणखी फोडून सहज विरघळेल असं करणारं एक विकर असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावलं. त्यामुळे आपल्या रक्तात युरिक ॲसिड जास्त राहतं आणि त्यातलं बरंचसं मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावं लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ते ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की विरघळून राहण्याची मर्यादा संपते. दाट पाक गार होताना साखरेचे कण धरू लागतात, तसे या ॲसिडाच्या क्षाराचे स्फटिक धरू लागतात. पायाचा अंगठा हा शरीराच्या टोकाचा, तुलनेनं थंड आणि रोज मार खाणारा सांधा, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच होते.

हे स्फटिक पहिल्यांदा पाहिले ते डेल्फ्टच्या अँटनी व्हान लेव्हेनहूकनं. १६७९ साली त्यानं गाउटच्या गाठीतला खडूसारखा पांढरा पदार्थ आपल्या भिंगाखाली धरला आणि त्याला दोन्ही टोकांना निमुळत्या अशा बारीक काड्या दिसल्या. त्या कशाच्या आहेत हे त्याला कळणं शक्यच नव्हतं, कारण युरिक ॲसिडचा शोध कार्ल शेले यानं मूतखड्यातून लावला तो १७७६ साली. पुढे लंडनच्या आल्फ्रेड गॅरडनं गाउटच्या रुग्णांच्या रक्तात हे ॲसिड वाढलेलं असतं हे दाखवलं. त्याची पद्धत फार सुंदर होती. रक्तातलं पातळ पाणी काचेच्या बशीत घ्यायचं, त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड घालायचं, एक लिननचा धागा बुडवून ठेवायचा आणि वाट पाहायची. युरिक ॲसिड जास्त असेल तर धाग्यावर स्फटिक दाटून येत. आजही निदानाचा सर्वांत पक्का पुरावा म्हणजे सांध्यातलं पाणी सुईनं काढून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली या सुया पाहणं. ही रीत अमेरिकेतल्या डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी १९६१ मध्ये घालून दिली.

स्फटिक नुसते बसलेले असतात तेव्हा दुखत नाही. ते वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतात. एखाद्या दिवशी, जागरण, पाण्याची कमतरता, दारू, शस्त्रक्रिया किंवा साधी ठेच यांचं निमित्त होतं आणि शरीराच्या संरक्षक पेशी या सुयांना शत्रू समजून गिळू लागतात. पेशींच्या आत एक गजर वाजतो. त्या गजराची यंत्रणा २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेनं उलगडली. त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचं द्रव्य सुटतं, रक्तवाहिन्या फुगतात, लाखो पांढऱ्या पेशी सांध्यात धावून येतात आणि अंगठा लालबुंद, गरम, टम्म होतो.

यानंतरची गोष्ट तेलाच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. गाउटचा झटका आपोआप ओसरतो. काहीही औषध घेतलं नाही तरी साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत सूज उतरते, कारण शरीरच ती आग विझवतं. धावून आलेल्या पांढऱ्या पेशी मरताना आपल्यातले धागे बाहेर टाकतात, त्या धाग्यांचं जाळं स्फटिकांना गुंडाळतं आणि दाह पेटवणारी द्रव्यं त्या जाळ्यात नष्ट होतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी जे काही लावलं, प्यायलं किंवा बांधलं, त्याच्या पदरात सगळं श्रेय पडतं. शेजारच्या काकांना एका तेलानं गुण आला, मेहुण्यांना दुसऱ्या लेपानं, आत्याला कुठल्याशा पानांच्या शेकानं, आणि प्रत्येक जण आपापल्या उपायाची शपथ घेतो. गाउटवरच्या घरगुती उपायांची यादी एवढी लांब होण्यामागे हे मोठं कारण आहे. ‘लावलं आणि गेलं’ हा अनुभव खरा असला तरी तो पुरावा ठरत नाही. उपाय करणारे आणि न करणारे असे दोन गट शेजारी ठेवूनच तेलाचा गुण तोलावा लागतो.

आता तेलाकडे वळू. पानं, फुलं, साली किंवा मुळं वाफेवर ठेवली की त्यांतली हलकी, उडून जाणारी द्रव्यं वाफेबरोबर निघतात. ती वाफ थंड केली की पाण्यावर तेल तरंगतं. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेत शतकानुशतकं हेच करत आले आहेत, आणि उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या आसपास पुदिन्याच्या हंगामात गावोगावच्या भट्ट्या याच तत्त्वावर चालतात. या तेलांना उपचाराची शाखा म्हणून नाव मिळालं ते रने-मोरिस गॅतफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या १९३७ सालच्या पुस्तकामुळे. तिळाच्या किंवा खोबरेल तेलाशी त्यांचं नातं फक्त नावापुरतं. ती अतिशय तीव्र रसायनांची मिश्रणं असतात, आणि तीव्रतेमुळेच त्यांचा गुण आणि धोका दोन्ही आहेत.

त्यांचे रेणू लहान असतात आणि त्यांना स्निग्धतेचं आकर्षण असतं, म्हणून त्वचेच्या वरच्या थरातून ते सहज आत शिरतात. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये लॅव्हेंडरचं पातळ केलेलं तेल एका माणसाच्या पोटावर चोळून त्याच्या रक्ताचे नमुने घेतले. तेलातली मुख्य द्रव्यं सुमारे वीस मिनिटांत रक्तात सर्वाधिक झाली आणि दीड तासात जवळजवळ नाहीशी झाली. तेल आत गेलं हे खरं, पण रक्तानं ते उचलून सगळ्या शरीरभर पसरवलं, यकृतानं त्याचा निकाल लावला आणि उरलेलं बाहेर पडलं. त्वचेखाली शिरलेल्या तेलाला सांध्यात मुक्काम करायची सवड मिळत नाही. ती मिळाली तरी तिथल्या स्फटिकांना विरघळवण्याची ताकद कुठल्याही सुगंधी तेलात असल्याचं दिसलेलं नाही. ते स्फटिक विरघळतात एकाच कारणानं: भोवतालच्या द्रवातलं युरिक ॲसिड बराच काळ कमी राहिलं तर.

मग आराम का पडतो? याचं सर्वांत स्वच्छ उत्तर पुदिन्याकडे आहे. पेपरमिंटच्या तेलात ४० टक्क्यांच्या आसपास मेंथॉल असतं. आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारी एक खिडकी असते, तिला टीआरपीएम-८ म्हणतात. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापुतियन यांच्या प्रयोगशाळांनी ती स्वतंत्रपणे शोधली, आणि मेंथॉल तीच खिडकी उघडतं हे सिद्ध झालं. स्पर्श आणि तापमान यांच्या संवेदनांवरच्या कामासाठी या दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. मेंथॉल लावल्यावर त्वचेचं तापमान जेमतेमच बदलतं, मेंदूला मात्र गारव्याची खबर जाते आणि मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेची खबर थोडी मागे हटते. आपली अमृतधारा याच तत्त्वावर चालते. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर हे तिन्ही घट्ट खडे बाटलीत एकत्र केले की न तापवता त्यांचं पाणी होतं, कारण मिश्रणाचा वितळण्याचा बिंदू प्रत्येकाच्या स्वतंत्र बिंदूपेक्षा खूप खाली येतो. लहानपणी हे होताना ज्यानं पाहिलं आहे तो ते विसरत नाही. त्या बाटलीतला गारवा वेदनेवर फुंकर घालतो, दाहाला हात लावत नाही.

आल्याच्या तेलाची परीक्षा हाँगकाँगमध्ये झाली. गुडघे दुखणाऱ्या ५९ वृद्धांचे गट करून काहींना आलं आणि संत्र्याच्या तेलानं मसाज दिला. थोड्या काळासाठी दुखणं कमी झालं, चार आठवड्यांनंतर तो फरक टिकला नाही. दक्षिण कोरियात गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ५२ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यात नीलगिरीचं तेल नुसतं हुंगायला दिलेल्यांनी तीन दिवस कमी वेदना नोंदवली आणि त्यांचा रक्तदाबही थोडा उतरला. दोन्ही प्रयोग छोटे आहेत आणि दोन्हींतल्या रुग्णांचं दुखणं गाउटचं नव्हतं. तरी कोरियाचा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. नाकातून गेलेला वास सांध्यापर्यंत पोचत नाही, तो भीती आणि ताण यांवर काम करतो, आणि रात्री तीन वाजता कळेनं घाबरलेल्या माणसाला तेवढी मदतही हवीच असते.

तैवानमधल्या एका दालचिनीवर्गीय झाडाच्या पानांच्या तेलाबद्दलही उत्साहानं लिहिलं जातं. युरिक ॲसिड तयार करणाऱ्या विकराला हे तेल अडवतं आणि उंदरांच्या रक्तातलं युरिक ॲसिड त्यानं उतरतं, असं संशोधकांना आढळलं. ही माहिती खरी आहे. पण उंदरांच्या पोटात तेल गेलं होतं, पंजाला चोळलेलं नव्हतं. ते वाचून कुणी दालचिनीचं तेल पिऊ लागलं तर तोंड, घसा आणि जठर भाजेल. कोणतंही सुगंधी तेल पिऊ नये, हे इथं ठामपणे सांगायला हवं.

सर्वांत जास्त जपायचं ते विंटरग्रीनच्या तेलाला. आयुर्वेदिक दुकानांत ते गंधपुरा तेल म्हणून मिळतं, दुखण्यावरच्या बऱ्याच बाम आणि स्प्रेंना जो ओळखीचा वास असतो तो याचाच. त्यात जवळजवळ सगळं मेथिल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचं भावंड. हा रेणू त्वचेखाली खरोखर उतरतो आणि वेदना थोडी कमीही करतो. पण गाउटच्या रुग्णासाठी त्यात एक पेच आहे. सॅलिसिलेट कमी मात्रेत रक्तात असलं तर मूत्रपिंडं युरिक ॲसिड रोखून धरतात. घोट्याला एकदा बाम लावल्यानं युरिक ॲसिड चढेल असं मी म्हणत नाही, पण रोज दोन्ही पायांना भरपूर चोळणं शहाणपणाचं नाही. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे तेल वापरूच नये, कारण त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. आणि घरात लहान मूल असेल तर ही बाटली कुलपात हवी. एका चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, शुद्ध तेलात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. एवढं पोटात गेलं तर लहान मूल दगावू शकतं. कापूर आणि नीलगिरीचं तेलही मुलांच्या पोटात गेल्यास झटके आणि बेशुद्धी आणतात.

गाउटच्या ऐन झटक्यात सांधा चोळू नये. मसाजवाला बोलावणं, अंगठा ओढून ‘मोकळा’ करणं, गरम विटेचा शेक देणं, हे सगळे पेटलेल्या सांध्यावरचे अत्याचार आहेत. अमेरिकेत १९ रुग्णांवर झालेला एक छोटा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना औषधं तीच दिली होती. ज्यांना त्याबरोबर बर्फ लावला त्यांचं दुखणं जास्त उतरलं. गारव्यात स्फटिक धरतात आणि तरीही बर्फानं बरं वाटतं, याचं नवल वाटेल. पण स्फटिक बसायला दीर्घ काळ लागतो, आणि बर्फ वीस मिनिटांत रक्तवाहिन्या आकसतो आणि मज्जातंतू बधिर करतो. बर्फ पातळ फडक्यात गुंडाळून दहा ते वीस मिनिटं, पाय उशीवर उंच ठेवून, दिवसातून काही वेळा लावावा. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल तर मात्र बर्फ आणि तेल दोन्ही टाळावं, कारण त्वचा भाजली किंवा गोठली तरी कळत नाही.

तेल लावायचंच असेल तर ते सांध्याच्या कडेकडेनं, पोटरीवर किंवा घोट्याच्या वर, हलक्या बोटांनी टेकवावं. आधी पातळ करावं. चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सुगंधी तेलाचे दोन थेंब, म्हणजे साधारण दोन टक्के. त्वचा नाजूक असेल तर एकच थेंब. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दिवसभर थांबावं, खाज किंवा लाली आली तर ते तेल आपलं नाही. गवती चहाचं आणि दालचिनीचं तेल त्वचेला फार लागतं. कच्च्या सालीतून पिळून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर डाग पडतात. जुनं, हवा लागलेलं तेल जास्त खाजवतं, तेव्हा वर्षानुवर्षं कपाटात पडलेली बाटली टाकून द्यावी. मेंथॉल आणि मेथिल सॅलिसिलेटचे तीव्र मलम लावून वरून पट्टी आवळणं किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवणं तर कधीच करू नये. अशा मलमांनी त्वचा गंभीर भाजल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

तेलाची पोच त्वचेपुरती आहे, हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ठाऊक होतं, असं मला चरकसंहितेतला वातरक्ताचा अध्याय वाचताना वाटतं. चिकित्सास्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात हा आजार आहे. तो हातापायांच्या सांध्यांतून सुरू होतो, मग शरीरभर पसरतो, आणि आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात, असंही त्याचं एक नाव तिथं दिलं आहे. वातरक्त आणि गाउट तंतोतंत एक नव्हेत, वातरक्ताची व्याप्ती मोठी आहे. पण चरक त्याचे दोन प्रकार करतो. त्वचा आणि मांस यांत असलेलं ते उत्तान, खोलवरच्या धातूंत गेलेलं ते गंभीर. उत्तानाला लेप, अभ्यंग आणि परिषेक सांगितले आहेत. गंभीराला विरेचन, बस्ती आणि पोटातून द्यायचा स्नेह. वरच्याला वरून, आतल्याला आतून, ही विभागणी इतकी स्पष्ट असताना आज परंपरेच्या नावानं नुसत्या तेलाच्या बाटल्या विकल्या जातात, याचं वाईट वाटतं.

आतून द्यायच्या औषधांतलं एक तर आपल्या कुंपणावरच फुलतं. पावसाळ्यात सह्याद्रीत कळलावीची लाल-पिवळी, आगीच्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात. त्या वेलीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं, गाउटच्या झटक्यावरचं सर्वांत जुनं औषध. कंद अत्यंत विषारी आहे, त्याच्या वाटेला चुकूनही जाऊ नये. कारखान्यात शुद्ध करून मिलिग्रॅममध्ये मोजलेली गोळी डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे झटक्याच्या पहिल्या काही तासांत घेतली तर दाह लवकर शमतो. वेदनाशामक गोळ्या किंवा थोडे दिवस स्टेरॉइड हेही पर्याय आहेत. मूत्रपिंड, हृदय आणि साखर पाहून डॉक्टर त्यांतला एक निवडतात. सांधा सुजला आहे आणि ताप चढतो आहे, किंवा झटका पहिलाच आहे, तर घरी थांबू नये. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी तो असाच दिसतो आणि काही दिवसांत सांधा नासवतो.

मूळ उपचार मात्र युरिक ॲसिड उतरवणं हाच. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं ॲलोप्युरिनॉल १९६६ पासून गाउटसाठी वापरात आहे, आणि या दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. लहान मात्रेनं सुरुवात करून, रक्त तपासत, युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली आणायचं आणि वर्षानुवर्षं तिथंच ठेवायचं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरला गाठायचं. खाण्यात मटण, कलेजी, तारली-बांगडा आणि विशेषतः बिअर कमी करायची. आपल्याकडे गाउट म्हटलं की डाळ, पालक, टोमॅटो बंद करायला सांगतात. सत्तेचाळीस हजारांहून अधिक अमेरिकी पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत मांस आणि मासे यांनी धोका वाढलेला दिसला, प्युरीन असलेल्या भाज्यांनी तो वाढला नाही, आणि दूध-दह्यानं कमी झाला. घरची आमटी सोडायचं कारण नाही.

गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात. जुने स्फटिक विरघळताना सुटे होतात आणि संरक्षक पेशी पुन्हा चवताळतात. नेमक्या याच वेळी अनेक रुग्ण ‘गोळीनंच दुखायला लागलं’ म्हणून ती सोडतात आणि पुन्हा तेलाच्या बाटलीकडे वळतात. म्हणून डॉक्टर ॲलोप्युरिनॉलबरोबर तीन ते सहा महिने कोल्चिसीनची लहान मात्रा देतात. ती घेऊनही एखादी रात्र वाईट गेली तर बर्फ लावावा, पाय उंच ठेवावा, पोटरीला पेपरमिंटचं पातळ केलेलं तेल टेकवावं, उशीशी नीलगिरीचा रुमाल ठेवावा, आणि सकाळी ॲलोप्युरिनॉलची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी.